ताडपत्रीला दोन ठिगळं

निफाड,
४ डिसेंबर २०२४

आई,

हाक सवयीने लिहिली गेली. मानायची तर माना, नाहीतर खोडून टाका.

पत्र बघून हसाल. आजच्या काळात पत्र! पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. तोही सान्वीकडून करून घेतलात, माझ्याच पोरीकडून, तिच्याच आईचा. वा! शाबास! मग मी काय करणार? बंटी आठवड्यातून दोनदा इथून भाईंदरला केबिन रोडच्या फळवाल्यांकडे माल टाकायला येतो, त्याच्या हाती हे देतेय. चंदनचा दोस्त आहे म्हणून तरी त्याला दारातून हाकलणार नाही अशी आशा आहे.

कळवायचं ते हे की मी पोचले. चंदनची पिकअप मीच चालवत आणली, घोडबंदरवरून ठाणं, भिवंडी, मग कसारा घाट चढून. कुठे बंद पडली नाही, कुठे ठोकली नाही. ही भिवंडीच्या पुढे जायची नाही म्हणून तुम्ही अख्ख्या खारी गावात सांगत होतात ना? आता हेही सांगा.

इथे सीझनभर काम आहे. बागेतून द्राक्षाचे क्रेट उचलायचे आणि पॅकहाऊसला टाकायचे. लवकर छाटलेल्या बागांचा माल आत्ताच सुरू झालाय, मार्चपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. ड्रायव्हर लोक आपापल्या गाडीतच झोपतात. मीही चंदनसारखी मागे हौद्यात झोपते. गाडी पॅकहाऊसच्या आवारात असते, बाजूलाच कामाच्या बायांची शेड आहे, त्यामुळे बाईमाणूस आणि लोक काय म्हणतील, हे पुराण सुरू करू नका.

गाडीची हालत काय करून ठेवली होती म्हणून सांगू! ताडपत्रीला दोन्ही बाजूंना, वर कमानीजवळ, हात जाईल एवढी भोकं. तुमच्या लाडक्या लेकाने प्रत्येक हिवाळ्यात इथे येऊन वारा खाल्ला, पण हे बुजवावं असं काही त्याला सुचलं नाही. कडेने जाड दोरा मारलाय, तोही अर्धवट. शिवायला घेतलं आणि कंटाळा आला, दुसरं काय! शेवटी निघायच्या आधी मीच केबिन रोडला बॅगा शिवणाऱ्याकडून दोन्ही भोकांवर रबरी ठिगळं मारून घेतली. आता वाऱ्याची झुळूक आत येत नाही.

तरी थंडी आहेच. तुम्हाला काय कळणार म्हणा, ऐन जानेवारीतही पंखा लावून झोपणारी माणसं तुम्ही. इथे पहाटे हौद्याच्या पत्र्याला हात लागला तर जीव जातो. म्हणून एक मागणी आहे. चंदनची वाकळ बंटीबरोबर पाठवा. तुमच्या जुन्या लुगड्यांची, जाड, तो इथे घेऊन यायचा ती. तो माझा नवरा होता, वाकळ माझी आहे.

आणि सान्वी. तिला तुमच्याकडे ठेवलीय ती शाळेसाठी. दान दिलेली नाही. मार्चमध्ये काम संपलं की मी तिला घेऊन वेगळं घर करणार आहे. आत्ताच सांगते, म्हणजे तेव्हा बोंबाबोंब नको.

विनिता


खारी, भाईंदर पूर्व
८ डिसेंबर

विनिता,

सौभाग्यवती लिहायची सोय राहिली न्हाय, म्हनून नुसतं नाव लिहिलंय.

पत्र बंटीनं आनून दिलं. त्याला चहा पाजला. तुझ्यासाठी न्हाय, चंदनच्या बरोबरीचा म्हनून पाजला.

'लाडक्या लेकाला सुचलं नाही.' हे वाचलं आन् कागद चुरगळून फळीवर फेकला. गेलेल्या मानसाला नावं ठेवतेस? दीड वरीस झालं न्हाय त्याला जाऊन. काविळीनं पिवळा पडून पडला होता तेव्हा तूच उशाशी होतीस ना? तेव्हा कुठं होती ही जीभ? मागनं वाकळीचं नि सान्वीचं नाव दिसलं म्हनून शेवटचं तेवढं वाचलं. बाकीचं वाचायची मला गरज न्हाय.

मिरारोडला एसीत खुर्ची होती तुझी. गळ्यात कार्ड घालून जायचीस. ती सोडलीस नि टेम्पो हाकायला गेलीस. मी काय म्हनत होते? लेक गेला, आता ती गाडी दारात बघवत न्हाय, विकून टाक. तर गाडी घेऊन तूच निघून गेलीस. म्हंजे मी म्हनेन त्याच्या उलटं करायचं, एवढंच शिकवलं तुझ्या आईबापानं फ्लॅटात.

वाकळ न्हाय. आमच्यात गेलेल्या मानसाचं अंथरून-पांघरून घरात ठेवत न्हाईत, खाडीत सोडतात. सोडली. पायजे तर जा, खाडीला माग.

पोर खारीतनं हलायची न्हाय. ती चंदनची हाय. आईची आठवन येते का म्हनशील, तर येत न्हाय. खातेपिते, शाळेत जाते, रात्री माझ्या कुशीत झोपते. आठवन येते असं खोटं लिहायची सवय मला न्हाय.

द्वारका


निफाड,
१२ डिसेंबर

आई,

तुम्हाला खोटं लिहायची सवय नाही ना? मग ऐका. बंटी तुमच्या ओट्यावर चपला घालत होता तेव्हा सान्वी मागून आली आणि हळूच त्याला विचारलं, "काका, मम्माला थंडी वाजते का?" तुम्ही आत होतात, कपबशा धूत होतात. आठवण येत नाही म्हणे! पोरीला तुमच्यासमोर माझं नाव काढायची चोरी झालीय, असं लिहा की सरळ.

आणि वाकळ खाडीत सोडली? चंदनचं दिवसकार्य होईपर्यंत मी घरातच बसून होते, डोळे काय मिटून बसले होते? त्याचे कपडे गेले, गादी गेली, मी बघितलं. वाकळ गेलेली मी बघितली नाही. द्यायची नाही तर नाही म्हणा, खाडीच्या नावावर कशाला खपवता?

नोकरीचं म्हणाल तर ती खुर्ची मला खायला उठायची. चंदन गेला त्या दुपारीही मी तिथेच बसून कुणाच्या तरी पार्सलची तक्रार लिहून घेत होते. त्याची गाडी दुसरा कोणी चालवतोय हे मला बघवणार नाही. तुम्हाला ती दारात बघवत नाही आणि मला ती दुसऱ्याच्या दारात बघवत नाही. यात तुमच्या उलटं करायचं काय आलं?

इथे थंडी वाढलीय. मी दोन ब्लँकेट अंगावर घेते, स्वेटर, मोजे, वर चंदनची माकडटोपी. तरी कूस बदलली की अंग हौद्याच्या पत्र्यासारखं गार. पहाटे बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, द्राक्षाला थंडी वाजू नये म्हणून. द्राक्षाला! आम्ही बाजूला कुडकुडतोय त्याचं कुणाला काही नाही. चंदन परत आला की म्हणायचा, हौद्यात मस्त झोप लागते. मला वाटायचं, घरातल्या कटकटीपासून सुटका होते म्हणून लागत असेल.

सान्वीशी मला बोलायचंय. नंबर उघडा.

विनिता


खारी,
१६ डिसेंबर

विनिता,

नंबर उघडायचा न्हाय. तू फोनवर रडशील, मग ती रडेल, मग रात्रभर मी जागी.

घरातल्या कटकटीपासून सुटका म्हनं! अगं शहानी, त्याला झोप लागायची कारन त्याला झोपायचं कसं ते माहीत होतं. दोन ब्लँकेट अंगावर घेतेस आन् खाली काय? एक चटई असेल. थंडी काय वरून पडते? थंडी खालून येते. लोखंडाच्या पत्र्यावर झोपून वर कितीबी पांघर, पत्रा तुझी सगळी ऊब पिऊन टाकतो.

माझे सासरे काशीनाथ, चंदनचा आजा. मिठागरावर कुडाच्या खोपीत अख्खा हिवाळा काढायचे. चहूकडं पानी, खाडीचा वारा, आन् रात्री मीठ राखायचं. खाली हातभर पेंढा, त्यावर गोनपाट, पायाशी घमेल्यात निखारे, निखाऱ्यावर राख. अंगावर एक चादर पुरायची. म्हातारा कधी शिंकला न्हाय. मी लग्न होऊन आले तेव्हा मीसुद्धा त्या खोपीत झोपले हाय, चंदन पोटात होता तेव्हा. त्याला मीच सगळं शिकवलं, तोबी तिकडं तसाच झोपायचा. तुला सांगितलं न्हाय त्यानं? सांगेल कसा! फ्लॅटातल्या बाईला पेंढा म्हनलं की खाज सुटते.

हे तुझ्या काळजीनं लिहिते असं समजू नको. बंटी केबिन रोडला सांगत सुटलाय की वहिनी थंडीनं काकडते. आमच्या घरातली बाई थंडीनं काकडते! गावात तोंड दाखवायचं की न्हाय मी?

द्वारका


खारी,
२२ डिसेंबर

विनिता,

आठवडा होत आला, तुझं उत्तर न्हाय. बंटीबी आला न्हाय. फळवाल्याकडं चौकशी केली तर म्हनं माल दुसऱ्याच गाडीतनं आला. त्याच गाडीवाल्याच्या हाती हे देते.

उपाय कळला, काम झालं, आता म्हातारीला उत्तर कशाला? बरोबर हाय. तुमच्याकडं असंच असतं. गरज असली की आई, सरली की कोन तू.

सान्वीला उद्यापासून नाताळची सुट्टी. सोसायटीतली पोरं कुठं कुठं फिरायला चालली. ही दारात बसते नि येईल त्या टेम्पोकडं बघते. मी विचारलं, काय बघतेस? तर म्हनते काय न्हाय. पोरीला आशेला लावून ठेवलंस, हे तुझं कर्तृत्व.

मार्चात येऊन पोर नेनार म्हनतेस ना? ये. दार उघडं भेटायचं न्हाय.

द्वारका


निफाड, सरकारी दवाखाना
२३ डिसेंबर

द्वारकाबाई,

मी जिवंत आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण आहे.

खाटेवर आडवी पडून लिहितेय, अक्षर समजून घ्या. बंटी इतके दिवस माझ्या उशाशी होता म्हणून तुमच्याकडे आला नाही. तुमचं बावीस तारखेचं पत्र मला इथे खाटेवर मिळालं. गरज सरली म्हणता ना? ऐका मग कुणाची गरज कशी सरली ते.

तुमचं ऐकून मी हौद्यात पेंढा घातला. मंदाताई म्हणून इथल्या बायांच्या टोळीची मुकादम आहे, तिने आणून दिला. त्यावर गोणपाट. खरंच ऊब आली. पहिल्यांदा नीट झोप लागली आणि मी मनातल्या मनात तुम्हाला चांगलं म्हटलं. ते परत घेते.

मग कडाका पडला. वेलीवरचं दव गोठलं म्हणून बागाईतदार ओरडत होते. मी बागेतल्या शेकोटीतून घमेलंभर निखारे आणले, तुम्ही सांगितलं तशी वर राख घातली, पायाशी ठेवलं आणि मागचा पडदा आतून दोरीने घट्ट बांधून झोपले. एकटी बाई, पडदा उघडा ठेवून कशी झोपणार?

सकाळी मंदाताई चहा घेऊन आली. हाका मारल्या, गाडी हलवली, उत्तर नाही. तिने द्राक्षं कापायच्या कात्रीने पडद्याची दोरी कापली आणि मला पाय धरून बाहेर ओढलं. मी शुद्धीवर नव्हते. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यातून विषारी हवा सुटते, तिला वास नसतो, बंद जागेत माणूस झोपेतच जातो. मंदाताई चहा प्यायला बसली असती आणि मग आली असती तर मी मेले असते. डॉक्टर माझ्यावर ओरडले, हवा यायला आत जराही फट नव्हती का? म्हटलं नव्हती, दोन भोकं होती ती मीच ठिगळं मारून बुजवली.

आता मला सांगा. चंदनही तसाच झोपायचा म्हणालात. मग तो कसा उठायचा रोज सकाळी? तुम्ही खोटं लिहिलंत. मी पोर मागितली म्हणून मला निखारे दिलेत. सून गेली की नातीवर कोण हक्क सांगणार? सगळं तुमचंच.

इथून सोडलं की मी सान्वीला घ्यायला येतेय. दार बंद असलं तर पोलिसांना घेऊन येईन. आणि त्यांना तुमचं सोळा तारखेचं पत्र दाखवेन.

विनिता


खारी,
२५ डिसेंबर

विनिता,

भोकं? कुठली भोकं बुजवलीस?

तुझं पत्र उभ्यानं वाचलं. मग फळीवरनं तुझं पहिलं पत्र काढलं, चुरगळलेलं, मांडीवर सरळ केलं, आन् तेव्हा जे वाचलं नव्हतं ते वाचलं.

अगं बये, ती भोकं फाटलेली न्हवती! चंदननं कापली होती. ब्लेडनं, समोरासमोर, वर कमानीला लागून. पावसात फाटत जाऊ नयेत म्हनून दाभन घेऊन मीच कडेनं दोरा मारला, दारात गाडी उभी करून, तू ऑफिसात होतीस. अर्धवट न्हवतं ते. भोक उघडं राहावं म्हनूनच तसं शिवतात. शिवलेली कड दिसते नि तरी म्हनतेस कंटाळा आला! एवढी शिकलीस, डोळे कुठं होते?

आमच्या खोपीला कुडाच्या भिंती. वारा आपला येतो जातो, कोन त्याला ये म्हनत न्हाय नि जा म्हनत न्हाय. निखाऱ्याचं काय असेल ते निघून जातं. म्हनून सासऱ्यांनी मला भोकाचं कधी सांगितलं न्हाय, सांगायची गरजच न्हवती. चंदनला मी निखारे सांगितले तेव्हा त्यालाबी सांगितलं न्हाय. पहिल्या वर्षी तिकडनं आला तो डोकं धरून आला. म्हनला, आये, ताडपत्रीला कूड न्हाय. मग कापली. तुला लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ती भोकं होती. मला काय माहीत तू त्यांच्यावर रबर मारून बसलीस! लिहिलं होतंस, हो, लिहिलं होतंस. पन लेकाला नावं ठेवलीस त्याच्या पुढं मी वाचलंच न्हाय. आता मीच मला शिव्या घालते, तू घालू नको.

पोलीस आनायचे तर आन. त्यांनाबी हेच सांगेन. पन मी तुला मारायला निखारे दिले हे परत लिहू नको. परत लिहिलंस तर तुझं तोंड बघनार न्हाय. अगं, तुला मारून मी भांडनार कोनाशी? या घरात चंदनला ओळखनारी मी नि तू, दोघीच राहिलो. त्याला खाडीतली उकडलेली करंदी आवडायची की न्हाय यावर वाद घालायलाबी दुसरं कोन न्हाय.

शनिवारी बंटीच्या गाडीनं सान्वीला घेऊन येते. विचारत न्हाय, कळवते. ठिगळं उसवून ठेव. मी माझा हात त्या भोकातनं घालून बघितल्याशिवाय पोर त्या हौद्यात पाय ठेवायची न्हाय. आन् डॉक्टरनं सोडलं तरी गाडी हाकू नको, मी येईपर्यंत गप पडून राहा.

द्वारका


निफाड,
२७ डिसेंबर

आई,

काल सोडलं. आठवडाभर गाडी चालवायची नाही म्हणालेत. मंदाताईच्या शेडमध्ये झोपले, तिथे बाया घोरतात.

ठिगळं काढली. मंदाताईच्या त्याच कात्रीने. रबर निघेना, चिकटवलंही होतं मेल्याने. निघाल्यावर कड नीट बघितली. टाके तुमचेच आहेत, सान्वीच्या डब्याच्या पिशवीला मारता तसे, एक लांब एक आखूड. मी बाजूला बसले आणि रडले. तुमच्यासाठी नाही. त्याने गाडीला ब्लेड लावलं, आईकडून कड शिवून घेतली आणि मला कधी म्हणाला नाही, याचा राग आला म्हणून. तुम्हा दोघांचं सगळं असंच, मला शेवटी कळायचं.

तुम्ही मारायला निखारे दिलेत, ते मी परत घेते. पण पत्र अर्धं वाचून फेकायची तुमची जी खोड आहे ना, तिने मी मेले असते, ते परत घेत नाही. माफ वगैरे केलेलं नाही मी.

या. स्वेटर आणा, सान्वीसाठी दोन आणि तुमच्यासाठी एक. शाल पुरायची नाही. तुम्हाला इथली थंडी माहीत नाही, मिठागराच्या गप्पा इथे चालत नाहीत.

त्याला करंदी आवडायची नाही. तुम्ही केलीत म्हणून खायचा.

विनिता


खारी,
३१ डिसेंबर

विनिता,

काल संध्याकाळी पोचले. बंटी गाडी फार जोरात हाकतो. तू त्याच्यापेक्षा बरी हाकतेस म्हनं, तोच म्हनला. मी अजून बघितलं न्हाय.

नंबर उघडायचा होता, पन मोबाइलमधलं ते कसं काढतात मला येत न्हाय. सान्वीला येतं, ती तुझ्याकडं. म्हनून पत्रच.

तुझ्या हातचा चहा अजून पान्यासारखाच हाय. त्या मंदाताईला माझा नमस्कार सांग, बाई सरळ हाय. मी तिला सुकी करंदी देऊन आले. तुला दिली न्हाय, तू वासानं नाक मुरडतेस.

दोन रात्री त्या हौद्यात मला झोप आली न्हाय. तू नि सान्वी मेल्यासारख्या झोपलात, मी आपली सारखी भोकाला हात लावून बघत होते, वारा येतोय का. येतोय. चांगला येतोय. पन निखारे आता नकोच, भोकं असली तरी नको. पेंढा घाल, हातभर घाल, पन घमेलं आत आनलंस तर बंटीला सांगून ठेवलंय मी. पेंढा दमट झाला की बदल. आळस करू नको.

सकाळी परत निघताना पोरीला उठवायला गेले तर तिचा हात तुझ्या स्वेटरात अडकलेला. सोडवला न्हाय. येताना दोघी येऊ म्हनून गेले होते, एकटीच गाडीत बसले. बंटीनं विचारलं, सान्वी? त्याला म्हनलं, तू पुढं बघ.

आता वाकळीचं. तू विचारलं न्हायस, मी पिशवीतनं काढली तेव्हा नुसती बघत राहिलीस. मग तोंड फिरवलंस, ते मला दिसलं. खाडीत सोडायला नेली होती मी. भरती होती, सगळं सोडलं, ती हातातनं सुटेना. घरी आनून कपाटाच्या वर दडवली, दिवसकार्य झाल्यावर काढली. गेलेल्या मानसाची वस्तू घरात ठेवू नये, मला माहीत हाय. ठेवली. तेव्हापासून मी नि सान्वी आतल्या खोलीत दार लावून तिच्याखालीच झोपायचो, मम्माला सांगायचं न्हाय म्हनून तिला बजावलं होतं. उकाड्यात जाड वाकळ अंगावर कशी घेनार? म्हनून पंखा लावायचो, फुल्ल. ऐन जानेवारीत पंखा लावून झोपनारी मानसं, असं लिहिलं होतंस ना? त्यासाठी लावायचो.

मार्चात वेगळं घर करनार म्हनतेस. कर. पन गाडी कुठं लावशील? भाईंदरात मानसाला घर मिळेल, गाडीला जागा मिळायची न्हाय, हे तुलाबी माहीत हाय. आपल्या अंगनात लाव. तुला आत यायचं नसलं तर येऊ नको. मी विचारनार न्हाय.

सोमवारी शाळा उघडते. पोरीला बंटीबरोबर धाडू नको. तू घेऊन ये, गाडी चालवत, गावातनं हळू आन, सगळ्यांना दिसू दे. वाकळ मात्र परत आन. ती दिलेली न्हाय, वापरायला दिलीय.

काल रात्री एकटीच झोपले. पंखा लावला न्हाय. खिडकीबी लावून घेतली. तरी थंडी वाजली.

द्वारका